दावेदार हरले ते मैदान

रहाटणीहून जगताप डेअरी, वाकड करत महामार्ग गाठला आणि मुळेवरचा पूल ओलांडला, की प्रकाशझोतांचे उंच खांब दिसू लागतात. म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. आमच्या भागातली माणसं त्याच्या शेजारून रोज कामाला जातात. पण २०२२ साली इथं पाच दिवसांत असे सामने झाले, की आशियातल्या महिला फुटबॉलचे अंदाज बांधणाऱ्यांना आपली गणितं पुन्हा मांडावी लागली. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून ती सांगायची.

हे संकुल उभं राहिलं १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी. २००८ साली इथंच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. मुख्य मैदानाभोवती धावपट्टी आहे, त्यामुळे गॅलरीत बसलेला माणूस गोलरेषेपासून बराच लांब पडतो. फुटबॉलच्या खास मैदानात खेळाडूंचे आवाज कानावर येतात, तसं इथं होत नाही. तरीही पुण्याच्या फुटबॉलला घर मिळालं ते इथंच. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी हे चारही संघ या मैदानावर खेळले. फ्रान्सच्या १९९८च्या विश्वविजेत्या संघातला डेव्हिड ट्रेझेगे २०१४ साली पुणे सिटीकडून खेळायला आला होता. आज या चारपैकी एकही संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये नाही. संघ गेले, मैदान राहिलं.

महिलांच्या २०२२च्या आशियाई चषकाचं यजमानपद भारताकडे आलं, तेव्हा पहिल्या यादीत बालेवाडी नव्हतंच. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अहमदाबाद आणि भुवनेश्वर अशी ती यादी होती. करोनामुळे संघांचा प्रवास कमी करायचं ठरलं आणि अहमदाबाद-भुवनेश्वरऐवजी अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना आणि बालेवाडी आलं. पहिल्यांदाच १२ संघ खेळणार होते आणि हीच स्पर्धा २०२३च्या विश्वचषकाची पात्रता फेरीही होती. उपांत्य फेरी गाठली की विश्वचषकाचं तिकीट हातात.

यजमान भारताची वाट मात्र मध्येच तुटली. इराणशी गोलशून्य बरोबरी झाली, पण पुढच्या सामन्याआधी खेळाडू करोनाबाधित निघाले. मैदानात उतरवण्याइतके खेळाडूही उरले नाहीत आणि संघाला स्पर्धेबाहेर जावं लागलं. आपल्या गटातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ बालेवाडीत फिलिपिन्सशी खेळणार होता. ती जागा चायनीज तैपेईला मिळाली. भारताच्या मुली त्या जागी असत्या तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

३० जानेवारीला उपांत्यपूर्व फेरीत बालेवाडीत ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण कोरिया समोरासमोर आले. ऑस्ट्रेलियानं इंडोनेशियाला १८-० असं हरवलं होतं, त्यातले पाच गोल सॅम करचे. पण ८७व्या मिनिटाला कोरियाच्या जी सो-युननं लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि ऑस्ट्रेलिया घरी गेली. त्याच दिवशी फिलिपिन्स आणि चायनीज तैपेईचा सामना १-१ वरून पेनल्टीवर आला. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून ११ मीटरवर असते. समोर ७.३२ मीटर रुंदीचा गोल आणि त्यात एकटी गोलरक्षक. फिलिपिन्सच्या ऑलिव्हिया मॅकडॅनियलनं पेनल्टी अडवल्या आणि एक स्वतः मारलीही. निर्णायक पेनल्टी सरिना बोल्डननं जाळ्यात घातली. पुरुष असो वा महिला, फिलिपिन्सचा फुटबॉल संघ त्याआधी कधीच विश्वचषकाला गेला नव्हता. ते दार उघडलं बालेवाडीत. पुढच्या वर्षी वेलिंग्टनला याच बोल्डनच्या गोलवर त्यांनी यजमान न्यूझीलंडला हरवलं.

३ फेब्रुवारीला उपांत्य फेरी. सलग दोन वेळचा विजेता जपान चीनविरुद्ध जादा वेळेत २-१ असा पुढे होता. ११९व्या मिनिटाला वांग शानशाननं बरोबरी साधली आणि चीननं पेनल्टीवर ४-३ अशी बाजी मारली. तीनच दिवसांनी नवी मुंबईत कोरियाला ३-२ हरवून चषकही चीननंच उचलला.

दावेदार असे हरतात, तरी मोठ्या स्पर्धा आल्या की सट्ट्याच्या भावांची चर्चा सुरू होते. भाव म्हणजे भविष्य, असं अनेकांना वाटतं. समजा, एका सामन्यात एका संघाचा भाव दीड, बरोबरीचा चार आणि दुसऱ्या संघाचा सहा आहे. म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर अनुक्रमे दीड, चार किंवा सहा रुपये हाती येतील. या भावांतून निघणाऱ्या शक्यता साधारण ६७, २५ आणि १७ टक्के. बेरीज १००च्या वर आठ-नऊ. हा वरचा हिस्सा म्हणजे बुकीची कमाई. ती सामन्याआधीच भावात बांधलेली असते, म्हणून सारखं लावत राहणारा शेवटी बहुधा हरतोच. फुटबॉलमध्ये तर गोलच इतके कमी होतात, की एका चेंडूनं तगडा संघ बाद होतो. आपल्याकडे १८८७च्या जुगारबंदी कायद्यात शर्यतीच्या घोड्यांना अटींसह सूट आहे, फुटबॉलला नाही. २०२५च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही बंद केले. या पट्ट्यात महिन्याचा पगार मोजून घर चालवणाऱ्यांसाठी हे मला योग्यच वाटतं.

त्या सामन्यांना करोनामुळे सामान्य प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. घरापासून इतक्या जवळ एका देशाचं स्वप्न पुरं होत होतं आणि आपल्या मुलींसाठी गॅलरीची दारं बंद होती. ती उणीव भरून निघायला हवी. बालेवाडीत पुन्हा मुलींचा मोठा सामना लागेल, तेव्हा रहाटणी-वाकडच्या शाळांमधून बस भरून मुली नेल्या पाहिजेत. धावपट्टीपलीकडून पेनल्टीची ती पांढरी खूण लहानशी दिसेल. ती त्यांना बोटानं दाखवायची आणि सांगायचं, फिलिपिन्सच्या मुली इथूनच विश्वचषकाला गेल्या.