परसबाग मंडळ टिकते कशाने?

घरामागील मोकळ्या जागेत हौसेने भाजीपाला व फुले लावणाऱ्यांची मंडळे ठिकठिकाणी निघतात. पहिल्या बैठकीस चावडी भरून जाते. पुढे मात्र उपस्थिती रोडावते, आणि अखेर चार उत्साही माणसे तेवढी उरतात. मग कार्यकर्ता नवे सभासद मिळविण्याच्या खटपटीस लागतो. परंतु बैठकीची रीत सुधारल्यावाचून आलेली माणसे टिकत नाहीत.

या बाबतीत आपल्याच भागात झालेला एक प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सन १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साहाय्याने, पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळे चालविली. प्रत्येक मंडळात वीसच्या आसपास सभासद असत. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम सर्वांनी एकत्र बसून ऐकावयाचा आणि त्यावर लगेच चर्चा करावयाची, असा क्रम होता. निमंत्रक चर्चेचा वृत्तांत व सभासदांच्या शंका लिहून केंद्राकडे पाठवी आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळ नसलेल्या गावांच्या तुलनेत मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत पुष्कळच अधिक भर पडल्याचे तीत आढळून आले. गावात रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथेही एवढी वाढ दिसली नाही. ऐकलेल्या गोष्टीवर बोलण्यास व आपली अडचण मांडण्यास जागा मिळाली, हेच या यशाचे मर्म होय.

परसबाग मंडळासही हाच नियम लागू आहे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) बैठकीचा वार व वेळ ठरलेली असावी आणि ती मोडू नये. परसबागेचे काम बहुधा घरातील स्त्रियाच पाहतात. म्हणून वेळ त्यांच्या सोयीची निवडावी.

(२) एका बैठकीत एकच विषय घ्यावा, व तो हंगामास धरून असावा. मृगाच्या तोंडावर वेलभाज्यांच्या आळ्यांविषयी बोलल्यास ऐकणारा घरी जाऊन लगेच कामास लागतो.

(३) शंकांची वही ठेवावी. समजा, एखाद्या भगिनीने विचारले की, भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या का पडतात? प्रश्न, तारीख व विचारणारीचे नाव लिहून घ्यावे. उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगावे आणि कृषि विज्ञान केंद्राकडून माहिती मिळवून पुढील बैठकीत ते प्रथम वाचावे : हा विषाणूजन्य रोग असून पांढरी माशी त्याचा प्रसार करते. रोगट झाड बरे होत नाही. ते दिसताच उपटून नष्ट करावे. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावावेत आणि पुढील लागणीस रोगप्रतिकारक जात निवडावी.

(४) बैठक आळीपाळीने सभासदांच्या परसातच भरवावी. नवख्यास दहा भाषणांपेक्षा एक चांगला वाफा अधिक शिकवितो. ज्याचे पीक बिघडले त्याच्याकडेही जावे. मात्र त्याचा उपहास होऊ देऊ नये.

(५) घरचे बियाणे व रोपे यांची देवघेव करावी. पुड्यावर भाजीचे नाव, बी धरल्याचा महिना व देणाऱ्याचे नाव लिहावे. शेजारच्या गावी गेलेला असा पुडा मंडळाची ओळख आपोआप करून देतो.

सभासदांची संख्या अहवालात शोभते, हे खरे. तथापि कार्यकर्त्याने महिन्याच्या अखेरीस प्रथम शंकांची वही उघडावी व किती प्रश्न अनुत्तरित राहिले ते मोजावे. ज्याच्या प्रश्नाची दखल घेतली गेली, तो पुढील खेपेस शेजाऱ्यालाही सोबत घेऊन येतो.