आष्टी ते मालवण : खाऱ्या पाण्यातल्या तीन गोड विहिरी

परतूर तालुक्यातल्या आष्टीत कोकणात जायचं ठरलं की पहिला घोळ गावाच्या नावावरूनच होतो. तिकीट काढायला बसावं तर यादीत 'न्यू आष्टी' दिसतं. ते स्टेशन बीड जिल्ह्यातल्या आष्टीचं, २०२२ साली सुरू झालेलं. आपल्या आष्टीला रेल्वे नाही. आपलं स्टेशन परतूर. तेव्हा बेत आखायचा तो परतूरपासून.

दुपारी परतूरला तपोवन एक्स्प्रेस धरली की रात्री दहाच्या सुमारास मुंबई येते. तिथून अकरानंतर कोकणकन्या सुटते आणि सकाळी कुडाळला सोडते. दोन्ही गाड्या दादरला थांबतात, त्यामुळे सामान घेऊन पुढे जायची गरज नाही. मात्र मधे तासाभराचीच सवड असते. पहिली गाडी रखडली तर दुसरी हुकते. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर एक रात्र मुंबईत काढलेली बरी. जीप ठरवून निघणाऱ्यांनी पुणे, कोल्हापूर करून गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरावा. घाटमाथ्यावरून खाली येताना तासाभरात मुलूखच बदलतो. काळी माती संपते, तांबडा जांभा लागतो, आणि कपाशीच्या जागी माड, पोफळी, फणस दिसू लागतात.

जालना जिल्ह्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. सिंधुदुर्गात तीन हजारांच्या वर. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हा आकडा ऐकूनच हेवा वाटतो. पण नुसता पाऊस पडला म्हणून पाणी पुरत नाही, ते अडवावं लागतं, हे कोकणाने फार पूर्वी ओळखलं. कुडाळहून मालवणला जाताना नेरूरपारवरून गेलात तर धामापूरचा तलाव लागतो. १५३० साली नागेश देसाई यांनी दोन डोंगरांमधे बांध घालून तो बांधला. काठावर भगवतीचं देऊळ, सभोवती गर्द झाडी. पाचशे वर्षं होत आली तरी तलाव नांदता आहे, आणि २०२० मधे त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. मालवणची घाई न करता इथे अर्धा तास थांबा.

मग मालवणचा धक्का. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याची पूजा करून शिवाजी महाराजांनी बांधकामाला हात घातला. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. ४८ एकरांचं बेट आणि त्याभोवती वळणं घेत गेलेला तीनेक किलोमीटरचा तट. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. दोन बुरुजांच्या कुशीत तो असा दडवला आहे की परक्याने शोधत राहावं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हातापायाचे चुन्यातले ठसे आहेत. २०२५ मधे युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत हाही आहे.

पण आष्टीच्या माणसाचे पाय थबकतात ते विहिरींपाशी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारी बाजूंनी खारं पाणी, लाटा तटावर आपटताहेत, आणि आत चिरेबंदी बांधलेल्या या तीन विहिरींना गोडं पाणी. अशा बेटांवर पावसाचं पाणी खडकात मुरतं आणि वजनाने हलकं असल्याने खाऱ्या पाण्याच्या वर टिकून राहतं. वेढा पडला तर तोफांआधी पाणी हवं, हे महाराजांनी जाणलं होतं. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात.

मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली, आणि त्यापुढे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी म्हणजे देवबाग. इथे सकाळी लवकर उठून किनाऱ्यावर जा. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. होडीतून लांबलचक जाळं अर्धगोल टाकतात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर घेऊन माणसं किनाऱ्यावरून तालात ओढत राहतात. जाळं वर आलं की तारली, पेडवे, बांगडे वाळूत फडफडतात, आणि तिथेच वाटे पडतात. रापण एकट्यादुकट्याचं काम नाही. सारी वाडी लागते.

जेवणाचं म्हणाल तर ज्वारीची भाकरी विसरा. तांदळाची भाकरी, घावणे, वडे मिळतील. मासे खायची सवय नसेल तर सुरमई मागवा, काट्यांचा त्रास कमी. माळकऱ्यांनीही काळजी करू नये. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी आणि वर सोलकढी, एवढ्यावर पोट आणि मन दोन्ही भरतात. कोणी मालवणीत 'खंयसून इलास?' विचारलं तर 'आष्टी, जालना जिल्हा' असं पूर्ण सांगा. नाहीतर इथेही बीडचेच ठराल.

पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि कोकण रेल्वेचं वेळापत्रकही बदलतं. त्यामुळे जायचं ते दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारा, होडीत लाइफ जॅकेट घाला. विहिरीत पोहणारा समुद्रात पोहू शकतोच असं नाही.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या पाहता पाहता भरतात. तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे. पोळा अमावास्येचा, लक्ष्मीपूजनही अमावास्येचं, आणि अधिक मास आला नाही तर मधे बरोबर दोन महिने. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत समुद्र पाहायचा असेल, तर बैलांच्या खांदेमळणीच्या दिवशीच तिकिटाचं बघा.