सुरुंग स्वस्त, शोध महाग

तह झाला की युद्ध संपते. पण जमिनीत पेरलेल्या सुरुंगाला तहाची वार्ता कळत नाही. कंबोडिया व अंगोला येथील शेतकऱ्यांनी या सत्याची किंमत हातापायांनी मोजली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० च्या दशकात मांडलेल्या हिशेबानुसार एक सुरुंग बनविण्यास ३ ते ३० डॉलर पुरत. काढण्यास मात्र ३०० ते १,००० डॉलर लागत. या तफावतीचे एक प्रमुख कारण शोधकार्यात आहे. धातुशोधक यंत्र सुरुंगावर वाजते तसेच गंजक्या खिळ्यावरही वाजते, आणि दरवेळी जीव मुठीत धरून माती उकरावी लागते.

धातूऐवजी स्फोटकाचाच माग काढण्याची युक्ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ टिमोथी स्वेगर यांनी त्याच दशकात शोधली. त्यांनी सिद्ध केलेल्या पॉलिमरचा पातळ थर विशिष्ट प्रकाश पडताच चमकतो. प्रकाशाची ऊर्जा रेणूंच्या लांब साखळीतून फिरत असते. टीएनटीचा एखादा रेणू साखळीला कोठेही चिकटला, की ती ऊर्जा तेथे हरपते व चमक मंदावते. रोषणाईच्या माळेतील एक दिवा गेला की सारी माळ विझावी, तसाच हा प्रकार. म्हणूनच अत्यल्प वाफही ओळखता येते.

या तत्त्वावरील उपकरणाला ‘फिडो’ हे कुत्र्याचे नाव मिळाले. अमेरिकी संरक्षण खात्याने या कामास पैसा दिला तो सुरुंगांच्या शोधासाठी. परंतु मातीत पसरलेला गंध सुरुंगाची नेमकी जागा दाखवीलच असे नाही. उपकरणाचा मोठा उपयोग झाला तो इराकमधील अमेरिकी सैन्याला, बाँब हुडकण्यासाठी.

यामागे केवळ तांत्रिक अडचण नाही. अर्थशास्त्र गरज आणि मागणी यांत भेद करते. कंबोडियातील शेतकऱ्याची गरज तीव्र आहे, पण तिच्यामागे क्रयशक्ती नाही. सैन्याच्या गरजेमागे अंदाजपत्रक उभे असते. अपुरे राहिलेले संशोधन पुरे होते ते जेथे पैसा आहे तेथे.

१९९७ च्या ओटावा कराराने सुरुंगांवर बंदी घातली. अमेरिका, रशिया, चीन व भारत त्याबाहेरच राहिले. २०२५ मध्ये पोलंड, फिनलंड व बाल्टिक देशांनीही त्यातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. पेरणी पुन्हा स्वस्त होत असेल, तर काढणीचा खर्च पेरणाऱ्याच्याच खाती मांडला पाहिजे. तो आगाऊ वसूल झाला, तरच प्रयोगशाळेतील प्रकाश शेताच्या बांधापर्यंत पोहोचेल.