गांडूळ, जळू आणि नावांचा प्रश्न

कणाहीन पुढाऱ्याला गांडूळ आणि कुळाचे रक्त शोषणाऱ्या सावकाराला जळू म्हणण्याची आपल्या भाषेची जुनी खोड आहे. रागाच्या भरात हे शब्द आमच्याही लेखणीतून अनेकदा उतरले आहेत. मृगाच्या सरी कोसळून कुळागरांतील माती भुसभुशीत झाली, मोले-नेत्रावळीच्या रानवाटांवर जळवा पायाला चिकटू लागल्या, की मात्र या दोन जीवांवर आपण अन्याय केला, असे वाटू लागते. गांडुळाला कणा नाही हे खरे. पण बिळात अर्धे शिरलेले गांडूळ ओढून काढू पाहणाऱ्याला ते किती चिवट आहे ते कळते. अंगावरील बारीक ताठ केस मातीत रोवून ते तुटेपर्यंत धरून राहते. किती कणा असलेली माणसे असे धरून राहतात?

या दोघांचे नाते आपण समजत होतो त्याहून जवळचे आहे. शाळेतील पुस्तकांनी गांडुळांचा एक वर्ग आणि जळवांचा दुसरा वर्ग शिकविला. दोन्ही उभयलिंगी, दोघांच्याही अंगावर वीण घालताना उठून दिसणारा पट्टा आणि त्यातून तयार होणारा अंड्यांचा कोश. साम्य एवढे असूनही घरे वेगळी मानली. २००१ च्या सुमारास जनुकांचे क्रम ताडून पाहिले गेले, तेव्हा जळवांची फांदी गांडुळांच्या कुळातूनच फुटलेली आढळली. म्हणजे जळू हे वाट बदललेले गांडूळच. तिने अंगावरचे केस टाकले, दोन्ही टोकांना चूषके कमावली आणि शरीराच्या खंडांची संख्या कायमची ठरवून घेतली. तिच्या जातभाईंपैकी पुष्कळजण रक्त पीतच नाहीत. गोगलगायी, किडे आणि चक्क गांडुळे खाऊन जगतात. भाऊबंदकी काही फक्त माणसांतच नसते!

जळवांचे वर्गीकरण आपल्याकडे फार जुने. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या तेराव्या अध्यायात बारा प्रकार सांगितले, सहा सविष आणि सहा निर्विष. कृष्णा, कर्बुरा, इंद्रायुधा ही सविषांतील नावे. कपिला, पिंगला, शंकुमुखी ही निर्विषांतील. रंग, आकार आणि पाण्याची जागा पाहून केलेली ही विभागणी आजच्या शास्त्राशी जुळावी असा हट्ट आम्ही धरणार नाही. परंतु रोग्याच्या अंगाला लावावयाचा जीव आधी नीट ओळखला पाहिजे, ही दृष्टी त्यात आहे. ती दृष्टी आधुनिक जगालाही नेहमी साधलेली नाही. १८८४ साली हेक्राफ्ट यांनी जळूच्या मुखरसात रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याचे दाखविले. पुढे तुटलेले बोट जोडल्यावर त्यात साचणारे रक्त ओढून घेण्यासाठी शल्यचिकित्सकांनी जळूला पुन्हा पाचारण केले, आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. तीन वर्षांनी, २००७ मध्ये, मार्क सिडल आणि सहकाऱ्यांनी जनुके तपासली. ‘हिरुडो मेडिसिनॅलिस’ या नावाने विकली जाणारी जळू प्रत्यक्षात ‘हिरुडो व्हर्बाना’ ही निराळीच जात निघाली!

गांडुळांच्या बाबतीतही हेच. लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेले युरोपातील सर्वपरिचित मोठे गांडूळ २०१० मध्ये एक नसून दोन जातींचे ठरले. तेही कोठे, तर ज्या खंडात या जिवाचा सर्वाधिक अभ्यास झाला तेथे. चार्ल्स डार्विनने १८३७ मध्ये गांडुळांवर पहिला निबंध वाचला आणि १८८१ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, त्यांच्यावरच शेवटचे पुस्तक लिहिले. इंग्लंडच्या कित्येक भागांत ही मंडळी दर एकरी वर्षाला दहा टनांहून अधिक माती पोटातून वर आणतात, असा त्याचा हिशेब होता. गांडुळांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी घरच्यांकडून त्याने पियानो आणि बसून वाजवून घेतले. त्यांना ऐकू आले नाही. पण कुंडी पियानोवर ठेवताच कंप जाणवून ती बिळात शिरली.

आपल्या मातीसाठी असे जन्म घालविणारे थोडे. लाहोरचे स्टीफन्सन यांचा हिंदुस्थानातील गांडुळांवरील ग्रंथ १९२३ चा. लखनौचे कर्म नारायण बहल यांची ‘फेरेटिमा’वरील पुस्तिका १९२६ ची. तिच्यावर प्राणिशास्त्राच्या पिढ्या पोसल्या. देशात आज साडेचारशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेले ‘पोंटोस्कोलेक्स’ आपल्या पश्चिम घाटातही ठाण मांडून बसले आहे. खताच्या वाफ्यांत आपण जी सोडतो त्यांतील बरीच युरोपीय ‘आयसेनिया’ किंवा आफ्रिकी ‘युड्रिलस’. ही शेणकचऱ्यावर वाढणारी मंडळी. खत उत्तम करतात, परंतु जांभ्याच्या जमिनीत खोल बिळे पाडणे हे ‘आयसेनिया’चे काम नव्हे. शेतात ती सोडून जमीन सुधारेल अशी आशा कोणी दाखवीत असेल, तर शेतकऱ्याने दोन प्रश्न विचारावेत.

आता अडचण अशी की गांडुळाची जात बाहेरून क्वचितच ओळखते. त्यासाठी ते उघडून आतील अवयव कोणत्या खंडात आहेत ते मोजावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये महाविद्यालयांतील विच्छेदन बंद केले. जीवहत्या थांबली हे योग्यच झाले, असे आम्ही मानतो. परंतु त्याबरोबर ओळखण्याचा हातही गेला. जनुकांची तपासणी ही उणीव भरून काढील, असे तरुण प्राध्यापक म्हणतात. ते अर्धेच खरे. क्रम मिळाला तरी तो ज्याच्याशी ताडावयाचा, तो नमुना कोणीतरी आधी जाणत्या हातांनी ओळखलेला असावा लागतो.

या तपासणीचे सामर्थ्य किती, ते २०१२ मध्ये व्हिएतनामच्या रानातील पंचवीस जळवांनी दाखविले. एकवीस जणींच्या पोटात सस्तन प्राण्यांच्या रक्ताचा माग मिळाला, आणि त्यांत मनुष्याच्या दृष्टीस क्वचितच पडणारा पट्टेरी ससाही होता. आमच्या म्हादईच्या रानातील वाघाचा वाद २०२३ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. तो वाघ तेथे वस्तीला आहे की पाहुणा, हे जळू सांगणार नाही. पण त्या रानात कोण कोण वावरते याची साक्ष ती देऊ शकेल, आणि तिला कोणत्याही पक्षाचे देणे नाही.

गोव्यातील महाविद्यालयांनी एक पावसाळा या कामाला द्यावा, अशी आमची सूचना आहे. एक भातशेत, एक कुळागर, खाजनाचा एक बांध आणि रानाचा एक तुकडा निवडावा. सापडेल ते मोजके गांडूळ, मिळेल ती जळू मद्यार्कात जपावी. बाटलीवर गावाचे नाव, तारीख आणि मातीचा प्रकार लिहावा. जातीच्या नावाची जागा तूर्त कोरी राहिली तरी चालेल.