संगणक स्मृती व तिच्या जोडण्या

संगणक स्मृती किंवा मेमरी हा संगणकातील माहिती व आज्ञावली साठवून ठेवणारा भाग होय. प्रोसेसरला तत्काळ लागणारी माहिती मुख्य स्मृतीत, तर कायम जपायची माहिती हार्ड डिस्क, एसएसडी यांसारख्या साठवण साधनांत ठेवली जाते. सुटी करता येणारी स्मृती ठरावीक आकाराच्या स्लॉटमधून अथवा कनेक्टरमधून मदरबोर्डला जोडतात. जोडणीच्या आकारावरून स्मृतीचा प्रकार बहुतांशी ओळखता येतो. मात्र एखादा भाग स्लॉटमध्ये बसला म्हणजे तो चालेलच असे नाही. संगणकाची दुरुस्ती करताना किंवा क्षमता वाढवताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

इतिहास

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची मुख्य स्मृती फेराइटच्या बारीक चुंबकीय कड्यांची होती. प्रत्येक कडी एक बिट साठवी. तीत ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे सुमारे १० किलोबाइट माहिती मावत असे. अशा स्मृतीत वीज गेली तरी कडीचे चुंबकत्व टिकते. परंतु वाचताना मूळ नोंद पुसली जात असल्याने ती लगेच पुन्हा लिहावी लागते.

आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर वापरणाऱ्या डीरॅमचे पेटंट मिळाले. इंटेलने १९७० मध्ये १,०२४ बिटांची ११०३ ही डीरॅम चिप बाजारात आणली आणि पुढे चुंबकीय कड्यांची स्मृती मागे पडली.

स्मृतीचे प्रकार

* डीरॅम : प्रत्येक बिट कपॅसिटरमधील विद्युतभाराच्या रूपात असतो. हा भार गळत असल्याने तो सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांत ताजा करावा लागतो. वीज जाताच माहिती नष्ट होते. संगणकाची मुख्य स्मृती याच प्रकारची असते.
* एसरॅम : एका बिटासाठी बहुधा सहा ट्रान्झिस्टर लागतात. ती वेगवान परंतु महाग असल्याने प्रोसेसरमधील कॅशसाठी वापरतात.
* रॉम : वीज नसतानाही माहिती टिकते. संगणक सुरू करणारी प्राथमिक आज्ञावली पूर्वी हिच्यात असे. आता त्यासाठी फ्लॅश चिप वापरतात.
* फ्लॅश : तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केली. पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड व एसएसडी यांत हीच स्मृती असते.

मुख्य स्मृतीच्या जोडण्या

डीरॅमच्या चिप एका लांबट पट्टीवर बसवलेल्या असतात. टेबलावरील संगणकातील पट्टीला डिम, तर लॅपटॉपमधील आखूड पट्टीला सो-डिम म्हणतात. डीडीआर पिढ्यांतील डिमची पिनसंख्या व प्रमाण विद्युतदाब पुढीलप्रमाणे आहे.

* डीडीआर : १८४ पिन, २.५ व्होल्ट
* डीडीआर २ : २४० पिन, १.८ व्होल्ट
* डीडीआर ३ : २४० पिन, १.५ व्होल्ट
* डीडीआर ४ : २८८ पिन, १.२ व्होल्ट
* डीडीआर ५ : २८८ पिन, १.१ व्होल्ट

डीडीआर २ व ३ यांची, तसेच ४ व ५ यांची पिनसंख्या सारखी असली तरी पट्टीच्या कडेवरील खाच निराळ्या जागी असते. विद्युतदाब व संकेतांची रचना भिन्न असल्याने चुकीची पट्टी बसू नये, हा खाचेचा उद्देश आहे. त्यामुळे पट्टी सहज बसत नसल्यास जोर लावणे स्लॉट व पट्टी दोहोंना घातक ठरते.

साठवण साधनांच्या जोडण्या

जुन्या हार्ड डिस्क ४० पिनांच्या रुंद पट्टी-केबलने जोडल्या जात. नंतर आलेल्या साटा जोडणीत माहितीसाठी ७ व विजेसाठी १५ संपर्क असतात. एम.२ या स्लॉटमध्ये एसएसडी केबलशिवाय थेट बसते. तिच्यावरील २२८० हा आकडा २२ मिलिमीटर रुंदी व ८० मिलिमीटर लांबी दर्शवतो; वेग किंवा क्षमता नव्हे.

सुसंगततेच्या मर्यादा

खाच सर्व चुका टाळू शकत नाही. सर्व्हरसाठीची रजिस्टर्ड डीडीआर ४ पट्टी घरगुती संगणकाच्या स्लॉटमध्ये बसते, परंतु तो संगणक तिच्यावर चालत नाही. केवळ १.३५ व्होल्टवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची डीडीआर ३ पट्टीही बसते, पण उपयोगी पडत नाही. एम.२ आकाराची साटा एसएसडी केवळ एनव्हीएमई स्वीकारणाऱ्या स्लॉटमध्ये बसूनही संगणकाला दिसत नाही.

म्हणून पट्टीवरील लेबल, मदरबोर्डची माहितीपुस्तिका आणि स्वीकारली जाणारी कमाल क्षमता या तिन्ही गोष्टी खरेदीपूर्वी पडताळतात. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये स्मृती मदरबोर्डवरच डाखलेली असते. तेथे स्लॉट नसल्याने ती नंतर वाढवता येत नाही आणि पुढे लागणाऱ्या क्षमतेचा निर्णय संगणक घेतानाच करावा लागतो.