सुटीचे गाव कोणते?

एके काळी मराठी घरात सुटीत कोठे जायचे, हा प्रश्नच पडत नसे. मे महिना लागला की मुले आजोळी जात. वैद्याने हवापालट सांगितला तर महाबळेश्वर किंवा माथेरान ठरलेले असे, आणि यात्रा करायची ती काशी-रामेश्वराची. गाव ठरलेलेच असे, ठरवायची ती केवळ तारीख. आज शहरातील नोकरदार कुटुंबापुढे सारा देश खुला झाला आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला तर चार वर्षांतून एकदा भारतात कोठेही जाण्यासाठी प्रवाससवलत मिळते. निवड करण्याची मोकळीक अशी वाढली. पण निवड कशी करावी, याचा विचार मात्र त्या मानाने फारसा होत नाही. बहुधा कोणाकडून तरी नाव ऐकून गाव ठरते, आणि वर्षाची शिल्लक व दहा दिवसांची रजा त्या नावावर खर्ची पडते.

नाव किती फसवे असू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे कोवलम. कोवलम म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे केरळातील, तिरुवनंतपुरमजवळचा किनारा उभा राहतो. परंतु त्याच नावाचे दुसरे एक गाव चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, महाबलीपुरमच्या वाटेवर आहे. इंग्रजांच्या जुन्या कागदपत्रांत त्याला ‘कव्हेलाँग’ म्हटलेले आढळते. पहिले कोवलम अरबी समुद्रावर, दुसरे बंगालच्या उपसागरावर. कोकणच्या माणसाला समुद्रात बुडणारा सूर्य परिचयाचा असतो; या दुसऱ्या कोवलमला तो समुद्रातून वर येताना दिसतो. नाव एकच असले, तरी दोन्ही गावांचे ऋतू, दिशा आणि वाटा निरनिराळ्या आहेत.

ऋतूचा भेद तर विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. महाराष्ट्रातील पाऊस दसरा-दिवाळीच्या सुमारास सरतो आणि शाळांना सुटी लागते. चोळमंडल किनाऱ्यावर नेमका तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. चेन्नईला वर्षाकाठी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. उपसागरातील वादळेही याच दिवसांत किनाऱ्याकडे येतात. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईचा विमानतळसुद्धा पुरामुळे बंद ठेवावा लागला होता. मे महिन्याची सुटी धरावी, तर तेव्हा तमिळ पंचांगातील अग्निनक्षत्राचे दिवस चालू असतात; समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटला की अंगाची लाही होते. म्हणजे महाराष्ट्राच्या शाळांच्या दोन्ही मोठ्या सुट्या या किनाऱ्याला प्रतिकूल! डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सुखाचा. त्यातही संक्रांतीच्या वेळी पोंगलच्या सणामुळे किनाऱ्यावर दाटी होते, ते दिवस टाळावेत. नाताळची अल्प सुटी आणि चार दिवसांची रजा यांची सांगड ज्याला घालता येईल, त्यानेच हे गाव निवडावे.

दुसरा प्रश्न असा की, सुटी नेमकी कोणाची? कुटुंब म्हणजे एक माणूस नव्हे. आजोबांना फार चालवत नाही, मुलांना एका जागी बसवत नाही, कर्त्या पुरुषाला झोप हवी असते आणि गृहिणीला चुलीपासून सुटका. ज्या गावी मुक्काम न हलवता या सर्वांची सोय होते, ते गाव कुटुंबाच्या कामाचे. या दृष्टीने कोवलमचे स्थान सोयीचे आहे. उत्तरेस तीन-चार किलोमीटरवर मुट्टुकाडूची खाडी असून तेथे नौकाविहार करता येतो. तेथेच १९९६ साली सुरू झालेले ‘दक्षिणचित्र’ आहे. दक्षिणेकडील राज्यांतील जुनी घरे मूळ ठिकाणाहून उतरवून तेथे पुन्हा उभारली आहेत. दक्षिणेस थोड्याच अंतरावर १९७६ साली रोम्युलस व्हिटेकर यांनी स्थापन केलेले मगरींचे संवर्धन-केंद्र आहे. मुले तेथून लवकर हलत नाहीत. पुढे सुमारे २० किलोमीटरवर महाबलीपुरम. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या मराठी माणसाने तेथील सातव्या शतकातील पल्लवांचे रथ अवश्य पाहावेत. कैलास डोंगरातून कोरून काढला, हे रथ सुट्या शिळांतून. दोन्हीकडे काम वरून खाली येत गेले. ही सारी ठिकाणे एकाच रस्त्यावर असल्यामुळे सकाळी निघून जेवणाच्या वेळेला परतता येते. इडली आणि दहीभात तर आजोबांना आणि नातवंडांना सारखेच मानवतात.

तिसरी गोष्ट समुद्राची. आणि येथे चूक झाली तर ती भरून येत नाही. मुंबईकराला भरती-ओहोटीने चार-पाच मीटर चढउतार करणारा समुद्र ठाऊक असतो. चोळमंडलावर हा चढउतार जेमतेम मीटरभर असतो, म्हणून पाणी निरुपद्रवी वाटते. वस्तुतः तेथील लाटा जोरकस असून त्या किनाऱ्याशीच फुटतात. मद्रासला कृत्रिम बंदर होण्यापूर्वी जहाजे दूर उभी राहत आणि काथ्याने शिवलेल्या लवचीक ‘मसुला’ होड्यांतून उतारूंना त्या लाटा पार करून आणावे लागे. आज याच लाटांमुळे कोवलम फळीवरून लाटा कापण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध झाले आहे. परंतु पट्टीच्या पोहणाऱ्याचे क्रीडांगण ते लहान मुलाचे न्हाणीघर नव्हे. २०२१ साली येथील किनाऱ्याच्या एका भागाला स्वच्छता व सुरक्षितता यांसाठी ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानचिन्ह मिळाले. पाण्यात उतरायचे ते जीवरक्षकांची देखरेख असेल तेथेच, आणि तेही गुडघ्याएवढ्या पाण्यात. ओढ लागलीच तर तिच्याशी झुंजत किनाऱ्याकडे येण्याचा अट्टहास करू नये. किनाऱ्याला समांतर सरकत प्रवाहातून बाहेर पडावे, मग वळावे.

शेवटी, गाव हे पाहुण्यांसाठी वसलेले नसते, याचेही स्मरण असावे. कोवलमला अठराव्या शतकात ऑस्टेंड कंपनीची वखार होती. पुढे कर्नाटकाच्या नवाबाचा किल्ला होता. तो १७५० साली फ्रेंचांनी घेतला आणि १७५२ साली क्लाइव्हने जिंकून पाडून टाकला. किल्ल्याच्या जागी आज मोठे हॉटेल उभे आहे. वखार गेली, किल्ला गेला. राहिले ते मच्छीमार, त्यांचे चर्च आणि दर्गा. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामी लाटांचा तडाखा याच किनाऱ्याने सोसला. जाळी वाळत घातलेली वाळू हे त्यांचे अंगण आहे, एवढे मुलांना सांगून ठेवले तर सहलीतून ती काहीतरी शिकूनही येतील.

तेव्हा गाव निवडताना नकाशाआधी पंचांग पाहावे आणि प्रसिद्धीआधी घरातील माणसे पाहावीत. सर्वांत हळू चालणाऱ्याला जेथे थकवा येणार नाही, सर्वांत धाकट्याला जेथे धोका नाही आणि वर्षभर राबणाऱ्या गृहिणीला जेथे दुपारी स्वस्थ बसता येते, ते गाव योग्य. मग ते कोवलम असो, नाहीतर पूर्वीसारखे आजोळ असो.