दिवाण सागवानाचा, पण कुठल्या सागवानाचा?

मागच्या पावसाळ्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या घरी नव्या दिवाणाखाली पिठासारखी भुकटी पडू लागली. झाडून काढली की दुसऱ्या दिवशी परत. मुलीच्या आंदणासाठी गटातून कर्ज काढून घेतलेला दिवाण तो. दुकानात "एकदम सागवान आहे बाई" असं सांगितलेलं, पावतीवर मात्र नुसतं "फर्निचर". हप्ते अजून सुरूच आहेत. म्हणून आज लाकडाबद्दल बोलू.

गंमत अशी की दुकानदार खोटं बोलला नव्हता. वस्तीतल्या सुतारानं दिवाण उलटा करून रंधा मारून पाहिला, तर लाकूड सागाचंच निघालं. पण पांढरं. सागाच्या खोडात सालीलगतचा भाग पांढुरका असतो. झाडाचं पाणी त्यातून चढतं, झाडाचं अन्नही त्यात साठतं, आणि भुंग्याला नेमकं तेच हवं असतं. झाडाचं वय वाढतं तसा आतला भाग तेलकट द्रव्यांनी भरून सोनेरी-तपकिरी होतो. हा गाभा. उधई आणि भुंगा सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. आजीचा पलंग अजून ठणठणीत आहे तो त्यामुळेच. पांढऱ्यावर गडद पॉलिश चढवलं की दोन्ही सारखंच दिसतं, आपण फसतो ते इथं.

आता हा गाभा येतो कुठून? आपण नागपूरकर तर सागाच्या दारातच बसलोय. व्यापारी आजही "सीपी सागवान" म्हणतात. सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, ज्याची राजधानी नागपूर होती. सर्वांत नावाजलेला साग गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या जंगलाचा. तिथले ओंडके ओढायला पूर्वी हत्ती असायचे, कमलापूरचा हत्ती कॅम्प त्यातूनच उभा राहिला. महाराष्ट्र वन विकास महामंडळ १९७४ साली स्थापन झालं, त्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. बल्लारशाच्या आगारात ओंडके रचून लिलावानं विकले जातात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली लाकूड गेलं ते इथूनच. त्याच वर्षी सुरू झालेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरहून गेलेलं सागवान आहे.

पण आपल्या दुकानातला प्रत्येक दिवाण आलापल्लीचा नसतो. आपल्याकडच्या रोपवनात साग ६०-८० वर्षं वाढवायची पद्धत. तेवढं लाकूड देशाला पुरत नाही. ब्रह्मदेशाचा सागही नामांकित, पण म्यानमारनं २०१४ पासून कच्चे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. त्यामुळे घाना, टांझानिया, इक्वाडोर, ब्राझील अशा देशांतले ओंडके जहाजानं येतात. कांडला बंदराजवळच्या गांधीधामला त्यांचा मोठा बाजार आहे. तिथं लावलेली झाडं बरेचदा २०-२५ वर्षांतच तोडतात. तोही सागच, पण कोवळ्या झाडात गाभा कमी, पांढरं जास्त. परदेशी म्हणजे वाईट असं नाही हं. आपल्याकडचं कोवळं झाडही तसंच.

झाडाचं वय फळीच्या टोकाला दिसतं. साग उन्हाळ्यात पानं टाकून थांबतो, पावसाळ्यात पुन्हा वाढतो, म्हणून दर वर्षी एक कडं पडतं. कडी दाट असतील तर झाड सावकाश वाढलेलं. आमच्यातल्या दोघी-तिघी लकडगंजात जाऊन हे पाहून आल्या. आरामशिनीवर चिरलेल्या ओंडक्याचा तपकिरी गोल आणि भोवतीचा पांढरा पट्टा एवढा स्पष्ट दिसतो की लहान मूलही दाखवेल. जंगलातून कायदेशीर निघालेल्या ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का असतो, सोबत वाहतूक पास असतो. व्यापाऱ्याला तो विचारायला लाजू नका.

ताईंच्या दिवाणाच्या तीन फळ्या बदलाव्या लागल्या, उरलेल्याला सुतारानं कीड लागू नये म्हणून औषध लावलं. दुकानदारानं पावती दाखवून हात वर केले. तेव्हापासून गटाचा नियम झालाय: फर्निचरसाठी कर्ज हवं असेल तर पावतीवर "सागवान, गाभा" असं लिहून आणायचं.

पुढच्या महिन्यात आणखी एकीच्या मुलीचं लग्न आहे. यावेळी फळ्या लकडगंजातून आणायच्या, दिवाण वस्तीतच करवून घ्यायचा, आणि आम्ही सगळ्या पाहून आल्याशिवाय पॉलिशचा डबा उघडायचा नाही, असं ठरलंय.